आख्खं एक काम: अभ्यासाच्या वर्षांत मुलांना घर कसं शिकवायचं

"आई, दूध उतू जाणार हे आधी कसं कळतं?"

थोरली पुण्याला कॉलेजला गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला तिचा फोन आला तो हे विचारायला. दहावीला 94 टक्के. उत्कलनांकाची व्याख्या तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने घडाघडा सांगितली असती. पण पातेल्यातलं दूध कडेने थरथरायला लागतं, मग सायीला मधोमध फुगा येतो आणि तेव्हा गॅस बारीक करायचा असतो, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. कुणी म्हणजे मी. आठवी ते बारावी "तू अभ्यासाला बस, ताट मी उचलते" हे एकच वाक्य मी दिवसातून दहादा म्हटलं होतं. त्याच महिन्यात इस्त्रीने कुर्ता जळाला, 18 तारखेला पैसे संपले आणि बँकेच्या स्लिपवर खाते क्रमांकाच्या रकान्यात तिने मोबाईल नंबर लिहिला.

धाकटा तेव्हा आठवीत होता. त्याच्या बाबतीत आम्ही घराची घडी बदलली. तो आता अकरावीत आहे. मधल्या तीन वर्षांत काय जमलं, काय फसलं ते क्रमाने लिहिते. ज्यांची मुलं पाचवी ते दहावीत आहेत आणि ज्यांना 'अभ्यास की घरकाम' हा प्रश्न नव्यानेच पडला आहे, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: आठवडाभर काही न बोलता मोजा

"त्याला वेळच नाही हो" हे मीही म्हणायचे. मग कालनिर्णयच्या मागच्या पानावर सोमवार ते रविवार त्याचे तास लिहून काढले. शाळा, क्लास, सायकलने जाणं-येणं, गृहपाठ, जेवण, झोप, खेळ, मोबाईल. त्याला काही सांगितलं नाही, टोकलं नाही. आठवड्याच्या शेवटी दिसलं ते असं: रोज सव्वा ते दीड तास असा जात होता की तो ना अभ्यासात होता, ना खेळात, ना विश्रांतीत. वही उघडी, एक डोळा मोबाईलवर, मधेच फ्रिज उघडून बघणं. हा तुकड्या-तुकड्यांचा वेळ कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

घरकामाला यातली वीस-पंचवीस मिनिटं लागतात. झोपेतली घेऊ नका, खेळाची तर मुळीच घेऊ नका. संध्याकाळचं क्रिकेट बंद करून भाजी निवडायला बसवलंत तर मुलगा भाजीचा आणि तुमचा, दोघांचाही राग करेल.

आणि मोजल्यावर खरंच वेळ सापडला नाही तर? शाळा, दोन क्लास, शनिवारी टेस्ट सिरीज, रविवारी आणखी काही. मग आधी एक क्लास कमी करता येईल का ते बघा. आमच्याकडे शिष्यवृत्तीच्या वर्षी लावलेला एक क्लास परीक्षा होऊन गेल्यावरही नुसत्या सवयीने चालू होता.

दुसरी पायरी: 'मदत' नको, आख्खं काम द्या

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढी पायरी लक्षात ठेवा.

"जरा पाणी आण", "दार लाव", "कोथिंबीर निवड" या सांगकाम्या गोष्टी. त्यात डोकं आपलं आणि हात मुलाचे. शंभर वेळा कोथिंबीर निवडली तरी कोथिंबीर संपलीय आणि ती आणायला हवी, हे त्याच्या ध्यानात येत नाही, कारण ते ध्यानात ठेवणं आपल्याकडेच राहतं. घर चालवण्यातला जड भाग तोच आहे.

म्हणून एक काम निवडा आणि ते मुळापासून शेवटापर्यंत त्याच्या गळ्यात घाला. आम्ही रविवारचा नाश्ता दिला. म्हणजे पोहे आहेत का ते शनिवारी बघायचं, नसतील तर आणायचे, कांदा चिरायचा, फोडणी करायची, सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी कढई घासून पालथी घालायची. कढई घासली की काम संपलं, त्याआधी नाही.

पहिल्या रविवारी तो दुकानातून पातळ पोहे घेऊन आला, चिवड्याचे. पोहे भिजवायचे एवढंच माहीत, म्हणून पातेलंभर पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवले. मी ओट्याजवळच उभी होते. तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळायला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. फोडणीत पडला तो पांढरा लगदा. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वा, उप्पीट छान झालंय." सगळ्यांनी संपवलं. दुपारी त्याने आपण होऊन विचारलं, "जाडे आणि पातळ पोहे ओळखायचे कसे?" तेव्हा मी दोन्ही डब्यांतले पोहे त्याच्या तळहातावर ठेवले. जाडे पोहे चाळणीत घालून नळाखाली धरायचे, निथळायचे आणि झाकून ठेवायचे, हे त्याला पुन्हा कधी सांगावं लागलं नाही.

वाईट झालेलं काम खाता येणं, नेसता येणं, बघता येणं ही या पायरीची फी आहे आणि ती आपणच भरायची. मुलाने पुसलेली फरशी तो खोलीबाहेर गेल्यावर तुम्ही पुन्हा पुसलीत, तर त्याला ते कळतं. पुढच्या वेळी तो आणखी वाईट पुसतो.

तिसरी पायरी: वयाप्रमाणे चढत जा

पाच-सहा वर्षांच्या मुलाने आपलं ताट मोरीत ठेवावं, चपला जोडीने लावाव्यात, कपड्यांच्या ढिगातून मोजे जुळवावेत. आठ-नऊला अंथरुणाची घडी, डबा-बाटली धुणं, कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन वस्तू आणून सुटे पैसे मोजून परत देणं. दहा-अकराला वरणभाताचा कुकर लावणं, म्हणजे एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी आणि वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात नाही. पण गॅस तुम्ही समोर असतानाच. तेरा-चौदाला मूल एक वेळचं साधं जेवण करू शकतं. पोळ्या गोल नसतील.

गॅसवर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे 'चुकून शिकेल' हे तत्त्व चालत नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाक करायचाच नाही, नुसता गॅस शिकायचा. लायटर हातात तयार ठेवून मग नॉब. कपडे सुती असावेत; ओढणी किंवा सैल बाही नको. पातेल्याची दांडी आतल्या बाजूला. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, नॉब बंद करून वर झाकण ठेवायचं. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात नाही: दिवा लागलेला असेल तर लागलेला राहू दे, बंद असेल तर बंद. बाहेर येऊन गॅसगळतीच्या 1906 या मदत क्रमांकाला फोन. हे मी धाकट्याला तोंडी सांगितलं नाही, दोन-तीनदा करून घेतलं, अगदी "समज, वास आला" असं म्हणून. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो म्हणून जमिनीलगत साचतो, हे कळल्यावर तो लगेच म्हणाला, "म्हणजे खालचं दार उघडायचं." पुस्तकातली घनता त्याला तिथे भेटली.

चौथी पायरी: पैसा हातात द्या, हिशेब मागा, भाषण देऊ नका

महिन्याला एक ठरावीक रक्कम द्या. आम्ही 300 रुपयांपासून सुरुवात केली. त्यात त्याचे पेन, वह्यांची कव्हरं, सायकलचं पंक्चर, मित्राच्या वाढदिवसाचं जे काय ते आणि वडापाव. महिना संपायच्या आत पैसे संपले तर संपले. दुसऱ्याच महिन्यात 11 तारखेला त्याचं पाकीट रिकामं झालं आणि 14 ला सायकल पंक्चर झाली. पंधरवडाभर तो चालत शाळेत गेला. सासूबाईंनी पदराआडून वीस रुपये देऊ केले होते असं मला नंतर कळलं. त्याने घेतले नाहीत, असं तो सांगतो. मी फार खोलात गेले नाही.

गुणांना पैसे लावू नका. "नव्वदच्या वर गेलास तर सायकल" हा सौदा एकदा केला की पुढच्या प्रत्येक घटक चाचणीला नवा भाव ठरवावा लागतो. कामाचेही पैसे नकोत. घरातलं काम घरात राहतो म्हणून करायचं.

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येतं. किती रकमेपर्यंत, ते प्रत्येक बँक ठरवते. खातं काढायला त्याला बरोबर न्या, फॉर्म त्यालाच भरू द्या, खाडाखोड झाली तर दुसरा फॉर्म मागायलाही त्यालाच पाठवा. मी स्वतः एका बँकेत काउंटरवर बसते, म्हणून सांगते: पदवी झालेली मुलं पैसे भरण्याची स्लिप आणि काढण्याची स्लिप यात गोंधळतात, अक्षरी रक्कम लिहायला अडतात. मोबाईलवर पैसे पाठवता येणं वेगळं. त्यासोबत एवढं सांगून ठेवा की पैसे मिळवायला कधीही पिन टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायचा.

विजेचं बिल ही माझी आवडती वही आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क असे रकाने असतात. 1000 वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. त्या हिशेबाने 2000 वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो आणि 9 वॉटचा दिवा तेवढ्याच युनिटात 111 तास जळतो. हे गणित धाकट्याने बिलाच्या पाठीवर केलं आणि त्या दिवसापासून "बाथरूममधला दिवा बंद कर" म्हणून ओरडणाऱ्या आजीला तो गीझरकडे बोट दाखवायला लागला. आंघोळ मात्र अजून वीस मिनिटं चालते.

पाचवी पायरी: उंबऱ्याबाहेर

तेराव्या वर्षी त्याला एकट्याला सांगलीहून कोल्हापूरला आत्याकडे एसटीने पाठवलं. बाराव्या वर्षापर्यंत अर्धं तिकीट असतं, म्हणून पहिल्यांदाच पूर्ण तिकीट काढायचं होतं आणि त्याचं त्याला कौतुक. फलाट शोधणं, पाटी वाचणं, कंडक्टरकडून सुटे परत मागणं एवढंच काम. जयसिंगपूरला गाडी जरा जास्त वेळ थांबली तेव्हा त्याने तीनदा फोन केला. परत येताना एकदाही नाही.

सरकारी कागद हा विषय सगळेच पालक एकट्याने निस्तरतात आणि मुलाला त्याचं नुसतं झेरॉक्स मिळतं. तसं करू नका. पंधरा वर्षं पूर्ण झाली की आधारचे बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. ते आणि दहावी एकाच सुमाराला येतं. दहावीनंतर प्रवेशाच्या वेळी कुणाला उत्पन्नाचा दाखला, कुणाला जातीचा, कुणाला नॉन-क्रीमीलेअर लागतो. सेतू केंद्राच्या रांगेत मुलाला बरोबर उभं करा. कुठला दाखला तहसीलदार कार्यालयातून येतो, अर्जाला काय जोडायचं, आणि शाळेच्या दाखल्यावर आपल्या नावाचं स्पेलिंग काय आहे, हे त्याच्या डोळ्यांनी त्याला वाचू द्या. नावातला एक जादा 'ए' किती चकरा मारायला लावतो, हे नागरिकशास्त्राच्या धड्यात नसतं.

एक गोष्ट मात्र स्वावलंबनाच्या नावाखाली करू नका. क्लासला जायला सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात स्कूटर देणं. अठरा पूर्ण होईपर्यंत फक्त 50 सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालते, तीही सोळानंतर आणि परवाना काढून. आपल्या दारातल्या स्कूटरी 110 किंवा 125 सीसीच्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते. सायकल चांगली आहे. पंक्चर काढायलाही शिकता येतं.

मुलगी असेल तर हिशेब उलटा मांडा

इथे जरा कडू बोलते. वर लिहिलेलं सगळं ज्या घरात मुलगा 'अभ्यास करतो' आणि बसून जेवतो, त्या घरांसाठी आहे. पण याच शहरात अशी घरं आहेत की दहावीची मुलगी सकाळी पाचला उठून पाणी भरते, भावाचा डबा भरते आणि मग शाळेत येते. तिला जीवनकौशल्यं शिकवायची गरज नाही, तिचा एक तास मोकळा करायची गरज आहे. दोन मुलं असतील तर फ्रिजवर दोघांच्या नावाने कामं लिहा आणि मिनिटं मोजा. मुलाच्या वाट्याला 'बाहेरून सामान आणणं' आणि मुलीच्या वाट्याला 'रोजची भांडी' आली असतील तर ती वाटणी बरोबरीची नव्हे.

माझे वडील साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये ही संस्था काढली आणि स्वावलंबी शिक्षण हेच तिचं ब्रीद. मुलांनी शेतात राबायचं, स्वयंपाकात हात लावायचा आणि शिकायचं. वडील शेवटपर्यंत ताट स्वतः घासत. त्यांच्या नातीला मी ताट उचलू दिलं नाही. मधल्या एका पिढीत, म्हणजे माझ्याच हातून, हे निसटलं.

दहावीचं वर्ष: काम काढून घेऊ नका, आकसून घ्या

जून उजाडला की घरोघरी जाहीर होतं, "या वर्षी त्याला काही सांगायचं नाही." टीव्हीवर पडदा पडतो, पाहुणे बंद होतात, लग्नाला एकटी आई जाते. मुलाला यातून कळतं एकच: आता जे येतंय ते फार भयंकर आहे.

वास्तविक आकडे बघा. बहुतेक विषयांना 80 गुणांची लेखी आणि 20 अंतर्गत. सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच धरून 500 पैकी टक्केवारी. परीक्षा महत्त्वाची आहे, मी ती हलकी करत नाही. पण रोज वीस मिनिटांच्या कामाने ती बुडत नाही.

आम्ही असं केलं. दिवाळीपर्यंत रविवारचा नाश्ता चालू. दिवाळीनंतर नाश्ता महिन्यातून एकदा, आणि रोजची दोनच कामं: रात्री आपलं ताट-वाटी घासणं आणि सकाळचं दूध तापवणं. पूर्वपरीक्षेपासून बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत फक्त दूध. तेवढं शेवटपर्यंत ठेवलं. सकाळी सहाला उठून दहा मिनिटं पातेल्यापुढे उभं राहणं, हातात पुस्तक न घेता. पेपरांच्या दिवसांत तीच दहा मिनिटं तो सगळ्यात शांत दिसायचा.

"परीक्षेच्या वर्षी पोराला चुलीपुढे उभं करतेस?" असं सासूबाई विचारतील, शेजारीण विचारेल, क्लासचे सर सूचकपणे विचारतील. वाद घालू नका. "त्यालाच आवडतं" म्हणा आणि चहा द्या.

निकाल 88 टक्के लागला. थोरलीपेक्षा सहाने कमी. नातेवाइकांत कुजबुज झाली ती पोह्यांवरून. गुणपत्रिका बघितली तर घात गणिताने केला होता, आणि भूमिती त्याची सातवीपासूनच कच्ची होती.

बिनसलं तर

तो काम विसरेल. मुद्दाम विसरेल. पहिल्या दोन महिन्यांत हे धरूनच चाला. आठवण एकदाच करा, तीही सकाळी. नाश्ता झाला नाही तर त्या रविवारी सगळ्यांनी दूध-बिस्किटं खायची आणि त्यावर चर्चा करायची नाही. आमच्याकडे असे चार रविवार गेले. चौथ्या वेळी ह्यांनीच कंटाळून त्याला उठवलं, ते मी चूक मानत नाही.

पण काम टाळणं आणि कोमेजणं यांत फरक आहे. झोप उडाली, सकाळी शाळेच्या वेळीच पोट दुखतं, मित्रांचा फोन घेत नाही, जेवण सुटलं, "माझ्याने काहीच होणार नाही" असं वारंवार म्हणतो, तर कामाचा तक्ता फ्रिजवरून काढा आणि आधी त्याच्याजवळ बसा. डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीबेरात्रीही चालतो, पालकांनाही बोलता येतं. दहावीच्या मुलाच्या मोबाईलमध्ये तो 112 आणि 108 च्या शेजारी असू द्या.

या आठवड्यात कुठून सुरू कराल

एकच काम निवडा. रोजचं नको, आठवड्यातून एकदा येणारं. ते मुलाला निवडू द्या. आमच्याकडे मी 'कपाट आवरणं' सुचवलं होतं, त्याने नाश्ता मागितला, कारण त्याला पोहे आवडतात. पहिल्यांदा तुम्ही करून दाखवा, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर. बाहेर म्हणजे खरंच बाहेर, दाराआडून डोकावणं धरलेलं नाही.

धाकट्याची यादी फ्रिजवर अजून आहे. पोहे, कुकर, दूध, इस्त्री, बँकेची स्लिप, एसटी यांवर काट मारलेली. पोळ्यांपुढे प्रश्नचिन्ह. सिलिंडर बदलणं बाकी आहे. परवा संपला तेव्हा तो नेमका क्लासला होता आणि मीच बदलून टाकला, सवयीने.